अंधारे मामांची झोप

मी आजवर पाहिलेला सगळ्यात चांगला अंधार जालन्यात पाहिला, आणि तोही भर दुपारी. मे महिना होता. बाहेर रस्त्याचं डांबर पातळ झालेलं, कुत्री नाल्यात जाऊन बसलेली, आणि आत खोलीत नाकासमोर धरलेला स्वतःचा हात दिसत नव्हता. एका खाटेवर एक माणूस संथ घोरत होता आणि दुसऱ्या खाटेवर मी पडलो होतो. आपले डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे बोट लावून पाहावं लागे. मी अधूनमधून बोट लावून पाहत होतो.

तो अंधार मामांनी बनवला होता. बनवला हा शब्द त्यांचाच. "अंधार इकत मिळत न्हाई, बनवावा लागतो," असं ते म्हणायचे, आणि बनवणाऱ्याचा जो काही रुबाब असतो तो त्या वाक्यात असायचा.

मामा आमच्या मिलमध्ये क्रेन चालवायचे. मिल म्हणजे एमआयडीसीतल्या इतर मिलसारखीच. भंगार आणायचं, भट्टीत वितळवायचं आणि त्याच्या सळया ओढायच्या. वितळलेलं लोखंड एका मोठ्या बादलीत ओततात, तिला लॅडल म्हणतात. ती भरलेली लॅडल क्रेनने उचलून, खाली काम करणाऱ्या माणसांच्या डोक्यांवरून पलीकडे साच्यांपर्यंत न्यायची, हे मामांचं काम. मी लॅबमध्ये होतो. भट्टीतून लांब दांड्याच्या चमच्याने थोडा रस काढायचा, साच्यात ओतायचा आणि तपासायला न्यायचा, हे माझं काम. म्हणजे मामा वर आणि मी खाली. मामांच्या झोपेत मला एवढा रस का होता, हे आता वेगळं सांगायला नको.

त्यांचं आडनाव अंधारे नव्हतं. ते मिलमधल्या पोरांनी ठेवलं आणि इतकं चिकटलं की गेटवर नवीन आलेल्या क्लार्कने त्यांच्या पासवर तेच छापलं. मामांनी पास उलटसुलट करून पाहिला आणि गळ्यात घातला. मी म्हटलं, "मामा, बदलून घ्या की." तर म्हणाले, "राहू दे. खोटं थोडंच हाय?" पुढे आधार कार्डाशी नाव जुळेना म्हणून पास बदलावा लागला, तेव्हा ते चक्क नाराज झाले होते.

मी परतूरचा. नोकरी लागली तेव्हा जालन्यात खोली शोधत हिंडत होतो आणि कुणीतरी सांगितलं की मामांच्या खोलीत एक खाट रिकामी आहे. मी गेलो तर त्यांनी माझी मुलाखतच घेतली. मिलमध्ये घेतली त्यापेक्षा ही अवघड होती.

"घोरतू का?"

"नाही."

"मी घोरतो. झोपंत बडबड?"

"नाही बहुतेक."

"बहुतेक म्हंजे? मोबाइल बघत पडायची सवय हाय?"

"थोडी आहे."

"मंग दुसरीकडं बघ," असं म्हणून ते आत गेले आणि दार लावून घेतलं. मी तसाच उभा राहिलो, कारण दुसरीकडे बघायला माझ्याकडे काहीच नव्हतं. थोड्या वेळाने दार उघडलं. "चपला भाईर काढ. मोबाइल गाठोड्यात घालून ठिवायचा," एवढं बोलून त्यांनी मला घरात घेतलं. गाठोडं म्हणजे एका जुन्या उशीचा अभ्रा. त्यात आमचे दोघांचे मोबाइल दिवसभर गुंडाळून ठेवलेले असत. माझ्या आईला वाटायचं, पोरगं मुद्दाम फोन उचलत नाही.

खोली तळमजल्यावर, गल्लीच्या तोंडाशी. मागे माडीवर घरमालक राहायचे. पिढ्यान्‌पिढ्या जालन्यात असलेलं मारवाडी कुटुंब, धान्याचा व्यापार. आमची खोली म्हणजे माडीच्या पुढे काढलेली त्यांची जुनी कोठी, वर पत्रे घातलेली. खिडकीला मामांनी शेतात मिरचीच्या वाफ्यांवर अंथरतात तो मल्चिंग पेपर ठोकला होता. चंदेरी बाजू बाहेर, काळी बाजू आत. त्याच्यावर आतून घोंगडी. दाराच्या फटीला गोधडीची वळकटी. डास पळवणाऱ्या यंत्रावर एक लाल ठिपका जळायचा, त्यावर त्यांनी मामींची टिकली चिकटवली होती. मामी गावी राहायच्या, टेंभुर्णीच्या पुढे. "तिला म्हनलं, एक पाकीट दे टिकल्याचं. लई खुश झाली. मंग सांगितलं कशाला पायजे ते," असं मामा हसत सांगायचे. मामी त्यावर काय म्हणाल्या, ते कधी सांगितलं नाही.

पण खरी लढाई पत्र्यांशी होती. जुन्या पत्र्यांना खिळ्यांची भोकं असतात आणि त्यातून कवडसे येतात. कवडसा या शब्दाबद्दल माझ्या मनात शाळेपासून फार गोड भावना होत्या. मामांनी त्या घालवल्या. ते कवडशाला चोर म्हणायचे. "चोर घुसला," असं म्हणत ते अर्ध्या झोपेतून उठायचे, अंधारात स्टूल चाचपायचे आणि वर चढायचे. पहिल्यांदा कणकेने भोकं बुजवली, ती मुंग्यांनी खाल्ली. मग साबण लावला, तो उन्हाने वितळून माझ्या अंगावर ठिबकला. शेवटी नळाच्या जोडाला लावतात ती मळलेली लांबी आणली आणि सगळी भोकं एकेक करून लिंपली. त्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला. स्वतःच्या खर्चाने बाहेर चहा पाजण्याचा तो पहिला प्रसंग.

रात्रपाळी त्यांनी मागून घेतली होती. बाकीच्यांच्या पाळ्या आठवड्याला फिरत, मामांची कायमची रात्र, आणि लॅबमध्ये नवा म्हणून माझीही. "झोपंला एक घर पायजे. आज हितं, उद्या तिथं, असं केलं तं ती येतच न्हाई," हे त्यांचं म्हणणं. सकाळी गेटबाहेर पडताना ते मामींचा मोठा काळा चष्मा लावायचे, मोतिबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात तो, बाजूनेही झाकणारा. टपरीवर थांबायचे नाहीत, चहा नाही, गप्पा नाहीत. लोक सकाळी उठून सूर्याला पाणी देतात आणि हा माणूस सूर्याला पाठ करून भिंतीच्या कडेकडेने चालायचा. वाटेत कुणी "राम राम" म्हटलं तर नुसता हात वर. "बोललं की डोस्कं जागं व्हतं," म्हणायचे. खोलीवर आले की थंड पाणी अंगावर घ्यायचं, भाकरी वरणात कुस्करून खायची, आणि घोंगडीचा कोपरा एकदा हाताने दाबून पाहायचा. मग ते आडवे होत आणि दोन-चार श्वासांत गेलेले असत.

मी मात्र जागा. मला दिवसा झोप येत नाही, तेव्हाही येत नव्हती. अंधारात पडून मी गल्ली ऐकायचो. भांडी घासल्याचा आवाज आला की कुणाची ते ओळखायचो. पाठ दुखायची, कुशीवर वळलो की खाट करकरायची, आणि करकरली की मला धडकी भरायची. मामा उठले तर? मामांची झोप मोडली तर रात्री लॅडल माझ्या डोक्यावरून जाणार होती. म्हणून मी न वळता पडून राहायचो, म्हणजे आणखीच झोप येत नसे. आपण एका माणसाच्या झोपेची राखण करतोय आणि त्याचा आपल्याला संताप येतोय, अशी माझी अवस्था होती. त्यांच्या घोरण्याचा मला राग यायचा आणि घोरणं थांबलं की भीती वाटायची.

एकदा असंच घोरणं थांबलं. मी म्हटलं, "मामा?"

"झोपलो न्हाई अजून," अंधारातून आवाज आला. मग ते आपणहून बोलायला लागले. "मी नवा व्हतो तव्हाची गोष्ट हाय. तव्हा मी बी पाळ्या फिरवायचो. दिवसा गावाकडं जायचो, शेतात राबायचो, रात्री क्रेनवर. एकदा लॅडल भरून उचलली, निघालो, आन्‌ डोळा लागला."

"मग?"

"मंग काय. उघडला. किती वेळानं, ते मला आजबी सांगता येत न्हाई. क्रेन आपली चालूच व्हती, लॅडल झोके खाऊन राह्यल्ती. खाली पोरं उभी. कोनीतरी काहीतरी जोक सांगितला व्हता. समदे हसून राह्यल्ते."

"कुणाला कळलं?"

"कोनालाच न्हाई. म्हनून तं." आणि थोड्याच वेळात त्यांचं घोरणं सुरू झालं. मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत छताकडे पाहत होतो, म्हणजे छत जिकडे असावं तिकडे.

अंधार जमला, पण आवाजाचं काय करायचं हा प्रश्न उरलाच. भंगारवाल्याच्या गाडीवर रेकॉर्ड केलेला भोंगा, भाजीवाल्याचा वेगळा, पोरांचं क्रिकेट, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण आमचीच कडी वाजवून घरमालक आहेत का म्हणून विचारणार. मामांनी कानात कापूस घालून पाहिला. मग एके दिवशी सकाळी ते कडुलिंबाची डहाळी घेऊन आले आणि दाराच्या चौकटीला बांधली.

आमच्याकडे घरात कुणाला गोवर-कांजिण्या निघाल्या की देवी आली म्हणतात आणि दाराला लिंबाची डहाळी बांधतात. डहाळी दिसली की त्या घराची कडी कुणी वाजवत नाही. शेजारी मोठ्याने बोलत नाहीत, आजूबाजूला खमंग फोडणी देत नाहीत, आणि आजारी माणसाला अंधारात निजवतात. खिडकी बंद का, असं विचारायचं कुणालाच कारण उरत नाही. मामांनी हा सगळा विचार किती दिवस केला होता कुणास ठाऊक.

त्या दुपारी गल्ली अशी गप्प झाली की मला स्वतःच्या कानातला आवाज ऐकू यायला लागला. भाजीवाला कोपऱ्यावरच भोंगा बंद करून गाडी पुढे ढकलत गेला. पोरांना त्यांच्या आयांनी दुसऱ्या गल्लीत हाकललं. मामा झोपले ते दिवेलागणीलाच उठले आणि मला म्हणाले, "बघ, एका काडीचा खर्चा न्हाई."

चार-दोन दिवसांनी उंबऱ्यावर वाटीत दहीभात दिसायला लागला. देवीला थंडावा म्हणून बायका ठेवून जायच्या. मी म्हटलं, "हे काही बरं नाही मामा." ते म्हणाले, "तिच्या नावाचं हाय, टाकून कसं देनार?" आणि आम्ही दोघं उंबऱ्याच्या आत बसून दहीभात खायचो. चांगला असायचा. एक बाई त्यात डाळिंबाचे दाणे घालायची.

डहाळी वाळली की मामा नवी आणायचे. असे आठवडे गेले. शेवटी वरच्या भाभीजी, म्हणजे आमच्या घरमालकीण, एकदा जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "मामा, देवी काय भाड्यानं राह्यली का तुमच्या खोलीत? माझ्या सासूला आली होती तर आठ दिवसांत गेली." मामा चष्मा लावून, मान खाली घालून आत गेले. भाभीजी मला म्हणाल्या, "मला सगळं समजतं. पण माझी दुपार बी चांगली जाते आजकाल, म्हणून गप आहे."

हे असं चालू राहिलं असतं. पण एका दुपारी दारावर टकटक झाली, इतकी हळू की मीच ती ऐकली असं मला वाटलं. दाराबाहेर समोरच्या घरातली बाई होती. दाराला तोंड लावून बोलत होती.

"मामा, समोरची हाय मी. पोरीच्या अंगावर रात्रीपून पुरळ उठलंय. तुमच्या घरी देवी इतके दिस राह्यली, तुमच्यावर राजी हाय ती. तुमच्या डहाळीचं एक पान द्या, पोरीच्या उशाखाली ठिवते."

घोरणं थांबलेलं होतं. मी कुजबुजलो, "मामा, द्या एक पान आणि झोपा." मग खाट वाजली, वळकटी सरकवल्याचा आवाज आला आणि दार सताड उघडलं. तेवढा उजेड त्या खोलीत मी कधी पाहिला नव्हता. मामा बनियनवर उभे, डोळ्यांतून पाणी वाहतंय, हाताने चाचपून ते डहाळी सोडवतायत.

"बाई, मला पाप लागंल," ते म्हणाले. "हितं देवी-बिवी काय न्हाई. मला दिवसा झोपावं लागतं म्हनून मीच बांधली व्हती ही. तू पोरीला जल्दी दवाखान्यात घेऊन जा. पान-बिन काय ठिवू नको."

बाईने डहाळीकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आत खाटेवर बसलेल्या माझ्याकडे पाहिलं, आणि गेली. पोरगी पुढे बरी झाली. गल्ली मात्र बरी झाली नाही. आपण देवीसाठी ठेवलेला दहीभात दोन धडधाकट गडी खात होते, हे बायकांच्या फार जिव्हारी लागलं. भंगारवाला आता नेमका आमच्या दाराशी गाडी लावून बिडी ओढायचा आणि भोंगा चालू ठेवायचा. पोरांना क्रिकेटला आमच्याच भिंतीवर स्टंप काढून मिळाले. मामा कापूस घालून, वर टॉवेल बांधून पडायचे. झोप यायची, पण तुटक. रात्री क्रेनवर चढण्याआधी ते नळाखाली डोकं धरून उभे राहायला लागले. मी खालून त्यांना पाहायचो आणि चमचा उगाच दोनदा पुसायचो.

मग समोरच्याच घरी लग्न निघालं, त्या बाईच्या दिराचं. हळदीच्या दिवशी आम्ही सकाळी पाळीवरून आलो तर मांडवाचे दोर आमच्या खिडकीच्या गजांना बांधलेले आणि डीजेचे खोके आमच्या भिंतीला पाठ टेकवून रचलेले. डीजे सुरू झाला तेव्हा खाटेवर ठेवलेला पाण्याचा तांब्या आपोआप चालत काठापर्यंत गेला. पत्रे थरथरायला लागले. आणि मामांनी लिंपलेली लांबी भोकांतून एकेक करून खाली पडायला लागली. एक पडली की एक कवडसा. थोड्या वेळात खोलीभर उजेडाचे ठिपके झाले. मामा खाटेवर उठून बसले होते, त्यांच्या बनियनवर, कपाळावर, गुडघ्यांवर ते ठिपके नाचत होते. एरवी एका चोरासाठी स्टूल शोधणारा माणूस त्या दिवशी उठला नाही.

नंतर ते चष्मा लावून बाहेर गेले. मीही मागोमाग गेलो. त्यांनी नवरदेवाच्या मामापुढे हात जोडले. "पाव्हनं, आवाज जरा कमी करा. मला रात्री क्रेनवर जायाचं हाय. खाली मानसं राह्यतेत."

नवरदेवाच्या मामाने सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं आणि म्हणाला, "देवीला सांगा ना. तिचं तुमचं चांगलं जमतं."

मांडवातले सगळे हसले. ती समोरची बाई तेवढी हसली नाही. आम्ही परत आलो. मी म्हटलं, "मामा, स्टेशनवर जाऊन पडू. नाहीतर मिलच्या सायकल स्टँडमध्ये." ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. "टाइम गेला तिचा," म्हणाले. "झोपंला पकडून आनता येत न्हाई." दुपारभर ते कूस बदलत होते. त्यांची खाटही करकरते, हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी आम्ही मिलमध्ये गेलो. भट्टी तयार होती, पोरं आपापल्या जागी निघाली होती. मामा क्रेनच्या शिडीपाशी गेले, शिडीला हात लावला, आणि हात काढून घेतला. मग शिफ्ट इंचार्जकडे वळून म्हणाले, "साहेब, आज माझी झोप झाली न्हाई. मी चढत न्हाई."

इंचार्जला आधी नीट ऐकूच आलं नसावं. "म्हणजे?"

"म्हंजे झोप झाली न्हाई."

"अहो मामा, झोप इथं कुणाची होते? माझी होते का? चढा पटकन, माल तयार आहे."

"तुमच्या हाताखाली कागदं राह्यतेत साहेब. माझ्या हाताखाली हा राह्यतो," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

मी चमचा घेऊन उभा होतो. सगळे माझ्याकडे पाहायला लागले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या वेळी मला मामांचं कौतुक वगैरे काही वाटलं नाही. मला वाटत होतं, चढा ना एकदाचे, रोज तर चढता. कुणीतरी मागून म्हणालं, "अंधारे, लाइट बंद करू का सगळे?" पोरं हसली. भट्टी ताटकळत होती, वेळ चालला होता, आणि हसणं संपल्यावर पोरांचा आवाज बदलला. दिवसपाळीचा ऑपरेटर डबा घेऊन निघाला होता, त्याला इंचार्जने परत बोलावलं.

"तो बी सकाळपून जागाच हाय साहेब," मामा म्हणाले.

"मग तुम्ही चढता?"

"न्हाई."

"मग गेटवर जाऊन बसा."

मामा गेटवर जाऊन बसले. दिवसपाळीचा माणूस शिव्या देत वर गेला आणि काम सुरू झालं. त्या रात्री काहीही झालं नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण काही झालं असतं, नुसती लॅडल जरा हिंदकळली असती, तरी मामांचं म्हणणं खरं ठरलं असतं. पण एक थेंब सांडला नाही. सकाळी तो ऑपरेटर जांभई देत खाली उतरला आणि मिलभर झालं की मामा नाटकी आहेत.

त्यांना क्रेनवरून काढलं. तब्येतीचं कारण लावलं आणि भंगाराच्या आवारात दिवसपाळीला टाकलं. आता मामा सकाळी निघायचे तेव्हा मी येत असे. दारात भेट व्हायची, तेवढीच. मी एकदा म्हटलं, "मामा, साहेबांशी बोला. माफी मागा, परत घेतील." ते म्हणाले, "माफी कशाची मागू? झोप झाली न्हाई याची?" थोड्या दिवसांनी त्यांनी नोकरी सोडली. जाताना घोंगडी काढून नेली. खिडकीवर नुसता मल्चिंग पेपर राहिला, आणि मामा गेल्यावर दुपारी त्याच्या कडांनी उजेड यायला लागला. मी कधी उठून तो दाबला नाही. झोप मला तशीही नव्हती.

दिवाळीनंतर एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या गावी गेलो. टेंभुर्णीला उतरून पुढे एका जीपमध्ये लटकत. घर विचारावं लागलं नाही, कारण पहिल्याच घरासमोर मामी उभ्या होत्या आणि त्यांनीच मला विचारलं, "तुमी ते चमच्यावाले का?" मी हो म्हणालो. "या. पडलेत बघा तिकडं."

अंगणात खाटेवर मामा झोपले होते. भर उन्हात. सूर्य सरळ तोंडावर होता. शेजारी सोयाबीनचं मळणी यंत्र धडधडत होतं, भुसा उडून त्यांच्या मिशीत बसला होता, नातवंडं खाटेखालून पळत होती आणि एक शेळी खाटेची सुतळी चावत होती. मामा तोंड उघडं टाकून घोरत होते. इतक्या महिन्यांत मी त्यांना झोपलेलं पाहिलंच नव्हतं, फक्त ऐकलं होतं. चेहरा अगदी साधा होता. घोंगडी पायाशी घडी करून ठेवली होती.

"रोज असंच?" मी विचारलं.

"आल्यापून असंच. दिवसा बी, रात्री बी. परवा तं बैलगाडीत झोपल्ते."

"अंधार लागत नाही त्यांना?"

"अंधार कशाला लागतो?" मामी म्हणाल्या. "लहानपनी मेंढरामागं उन्हातच झोपलेला मानूस हाय तो. बाभळीखाली."

मला राग आला. खरंच आला. साबणाचे थेंब अंगावर घेऊन, मोबाइल अभ्र्यात घालून, कूस न वळता मी त्या खोलीत महिनोन्‌महिने पडलो होतो, आणि हा माणूस इथे मळणी यंत्राशेजारी झोपत होता. रागावूनच मी खाटेच्या कडेला बसलो आणि तेवढ्याने ते जागे झाले. मला पाहून त्यांना आनंद झाला. चहा आला. इकडचं-तिकडचं बोलणं झालं, या वर्षी सोयाबीन कसं आहे, भाभीजी कशा आहेत. मग त्यांनी विचारलं, "आता वर कोन हाय?"

"नवीन पोरगा आलाय. बदनापूरकडचा."

"हात कसा हाय?"

"चांगला आहे. लॅडल हलत नाही त्याची."

"झोपतो का?"

"माहीत नाही."

"इचारलं न्हाई?"

"असं कसं विचारायचं मामा, एखाद्याला?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "मंग तू खाली उभा कसा राह्यतू?"

मी उरलेला चहा पिऊन टाकला. मी निघालो तेव्हा ते कोपऱ्यापर्यंत पोचवायला आले, आणि मी जीपमध्ये बसून मागे पाहिलं तर ते परत खाटेकडे निघाले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाळीला गेलो. नवीन पोरगा शिडीपाशी हातमोजे चढवत होता. मला बोलायला अवघड वाटत होतं, पण जवळ जाऊन विचारलंच. "काय रे, झोप झाली का?"

त्याला वाटलं, मी त्याची फिरकी घेतोय. तो तोंडभर हसला. "झोप? पोरगी झाली ना राव मला. कालपून दवाखान्यातच हाय, डोळ्याला डोळा लागला न्हाई. उद्या पेढे आनतो बराबर." आणि भराभर शिडी चढून वर गेला.

मी त्याचं अभिनंदन केलं. चमचा उचलला आणि माझ्या जागेवर जाऊन उभा राहिलो. लॅडल आली तेव्हा मी वर पाहत होतो. तेव्हापासून मी त्याला रोज विचारतो, आणि जे उत्तर येईल ते ऐकून खाली जाऊन उभा राहतो.